पोहत येणारा डिंक्या

वरुड तालुक्यातल्या शेंदूरजनाघाटच्या पन्हेऱ्यांतली संत्र्याची कलमं दूरदूरच्या बागांत जाऊन लागतात. कलमासोबत पिशवीतली माती जाते आणि कधी कधी त्या मातीतून फायटोफ्थोराही जातो. रोपाची मूळकूज अन् पुढे मोठ्या झाडाचा डिंक्या, दोन्ही त्याचीच करणी.

कृषी केंद्रात त्याला बुरशीच म्हणतात. पण नात्यानं तो समुद्रातल्या तपकिरी शेवाळांच्या जवळचा. खऱ्या बुरशीच्या पेशीभिंतीत कायटिन असतं, याच्या भिंतीत सेल्युलोज. हा भेद निव्वळ पुस्तकी नाही. सर्रास वापरलं जाणारं कार्बेन्डाझिम याच्यावर चालतच नाही. मेटॅलॅक्झिल किंवा फोसेटिल अ‍ॅल्युमिनिअम लागतं. औषध चुकलं की पैसाही जातो अन् झाडही.

वरुड पट्ट्यातल्या भारी काळ्या जमिनीत पाणी साचलं की याचे दोन शेपट्यांचे बीजाणू पोहत सुटतात आणि मुळांतून पाझरणाऱ्या रसाचा माग काढत तंतुमुळांना चिकटतात. असं रोगट मूळ चिमटीत धरून ओढावं: साल सुटून बोटात येते, मागं दोऱ्यासारखा गाभा उरतो. पानांच्या शिरा पिवळ्या पडेपर्यंत, बुंध्याची साल तडकून डिंक ओघळेपर्यंत खाली बरंच काही होऊन गेलेलं असतं.

बुंध्याला पावसाळ्याआधी आणि नंतर बोर्डो पेस्ट लावतात. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. कालवायचं प्लास्टिकच्या बादलीत. विळा बुडवून पाहावा, पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. फ्रान्समधल्या मेडोक भागात असं मिश्रण रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मारत, ते चोरांना धाक बसावा म्हणून! त्या वेलींवर केवडा रोग येत नाही हे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्डे यांनी हेरलं आणि १८८५ मध्ये जाहीर केलं. गंमत म्हणजे द्राक्षावरचा केवडाही खरी बुरशी नव्हे, याच कुळातला.

तरी खरी निवड पन्हेरीतच होते. जंबेरीपेक्षा रंगपूर लिंबाचा खुंट या रोगाला जास्त तोंड देतो. डोळा जमिनीपासून २० ते २५ सेंटीमीटरवर बांधलेला हवा, कारण संत्र्याची साल खुंटाच्या सालीपेक्षा कच्ची. लावताना तो जोडच मातीत गाडला गेला, तर रोगाला पावसाच्या शिंतोड्यांचीही वाट पाहावी लागत नाही.