सहलीत खडकही वाचूया

नाशिकची पांडवलेणी पाहताना मुले हमखास विचारतात, "ही पांडवांनी कोरली का?" उत्तर भिंतीवरच आहे. तिथल्या ब्राह्मी लेखांत सातवाहन आणि क्षहरात राजघराण्यांनी भिक्षूंना दिलेल्या दानांची नोंद आहे. म्हणजे लेणी सुमारे २००० वर्षांची. खडक मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा, बेसाल्टचा. हा रस थरावर थर साचत थिजला. घट्ट थर सावकाश झिजतो, तिथे उभा कडा राहतो. सच्छिद्र थर लवकर झिजतो, तिथे उतार होतो. दुपारी त्र्यंबकला गोदावरीचे उगमस्थान असलेल्या ब्रह्मगिरीकडे पाहा. त्याच पायऱ्या दिसतील. त्या मुलांना वहीत काढू द्या. ज्याने खडकाचे वय मोजले, तो त्यावर आपले नाव कोरणार नाही.