जुन्या लॅपटॉपचे नूतनीकरण

जुन्या लॅपटॉपचे नूतनीकरण म्हणजे संथ झालेल्या अथवा वापरातून गेलेल्या लॅपटॉपमधील काही सुटे भाग बदलून त्यावर ऑपरेटिंग सिस्टम नव्याने बसवणे. हार्ड डिस्कच्या जागी सॉलिड स्टेट ड्राइव्ह अर्थात एसएसडी घालणे, रॅम वाढवणे आणि त्यानंतर प्रणाली प्रतिष्ठापित करणे हा या कामाचा नेहमीचा क्रम आहे. अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपांत प्रोसेसर मदरबोर्डलाच डाख दिलेला असल्याने तो बदलता येत नाही.

पार्श्वभूमी

२९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्यानंतर सर्वसामान्य वापरकर्त्यांना सुरक्षा अद्यतने मिळण्यासाठी विस्तारित योजनेत नोंदणी करणे आवश्यक झाले. विंडोज ११ साठी टीपीएम २.०, सिक्युअर बूट आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी, मोजके अपवाद वगळता, २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते. त्यामुळे कोणताही बिघाड नसलेले असंख्य लॅपटॉप अधिकृतदृष्ट्या कालबाह्य ठरले आणि त्यांच्या नूतनीकरणाचा प्रश्न पुढे आला.

संथपणाचे कारण

जुना लॅपटॉप संथ होण्याचा दोष बहुधा प्रोसेसरला दिला जातो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा हार्ड डिस्कचा असतो. लॅपटॉपमधील सर्वसाधारण हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यास सुमारे ११ मिलिसेकंद लागतात आणि हवी ती माहिती वाचनशीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्ध्या फेऱ्याची वाट पाहावी लागते. शीर्ष योग्य जागी सरकण्याचा वेळ यात मिळवला, तर अशी डिस्क सेकंदाला शंभराहून कमी विखुरलेल्या जागा वाचू शकते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने तिला हजारो जागा वाचता येतात. प्रणाली सुरू होताना अद्यतने, विषाणूरोधक तपासणी आणि ब्राउझर एकाच वेळी डिस्ककडे धावतात, तेव्हा हा फरक ठळकपणे जाणवतो. रॅम अपुरी असल्यास प्रणाली स्मृतीतील माहिती डिस्कवर उतरवू लागते व कोंडी आणखी वाढते.

म्हणूनच जुन्याच डिस्कवर प्रणाली पुन्हा बसवल्यास मिळणारा वेग सहसा काही आठवड्यांपुरताच टिकतो. शिवाय डिस्क निकामी होत आली असेल, तर हे काम धोक्याचेही ठरते. डिस्कच्या स्मार्ट नोंदींमध्ये पुनर्नियोजित सेक्टरांची संख्या वाढत असल्याचे दिसल्यास सर्वप्रथम माहितीची प्रत काढणे इष्ट असते.

माहितीचे जतन

डिस्क बदलण्याचा एक फायदा वेगाइतकाच महत्त्वाचा आहे: जुन्या डिस्कवरील काहीही पुसावे लागत नाही. ती बाहेर काढून यूएसबी आवरणात बसवली की बाह्य डिस्क म्हणून वाचता येते; नवे प्रतिष्ठापन फसल्यास पुन्हा मूळ जागी लावता येते. मात्र डिस्कवर बिटलॉकर कूटबद्धता असेल, तर ४८ अंकी पुनर्प्राप्ती कळ आधी लिहून ठेवावी लागते. तिच्यावाचून ती माहिती वाचता येत नाही.

मराठी मजकुराच्या बाबतीत टंकांचा प्रश्न उद्भवतो. श्रीलिपी किंवा शिवाजी यांसारख्या युनिकोडपूर्व टंकांत टंकलिखित केलेल्या जुन्या दस्तऐवजांमध्ये देवनागरी अक्षरे नव्हे, तर रोमन अक्षरांचे व चिन्हांचे सांकेतांक साठवलेले असतात. नव्या प्रणालीवर तो टंक नसल्यास फाइल सुरक्षित असूनही मजकूर निरर्थक दिसतो. अनेकदा फाइल खराब झाली असे समजून ती टाकून दिली जाते. त्यामुळे विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरची प्रतही काढणे गरजेचे असते. पुढे परिवर्तकाच्या साहाय्याने असा मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, पण जोडाक्षरे व रफार तपासावे लागतात.

हार्डवेअर बदल

जुन्या लॅपटॉपांत २.५ इंची साटा डिस्क असते व त्याच आकाराची एसएसडी तिच्या जागी बसते. जाडी मात्र पाहावी लागते: २०११ च्या लेनोव्हो थिंकपॅड एक्स२२० मध्ये ७ मिलिमीटर जाडीचीच डिस्क मावते, तर इतर अनेक लॅपटॉपांत ९.५ मिलिमीटर जाडीची बसते. एम.२ खाचेबाबत गफलत अधिक होते, कारण साटा व एनव्हीएमई या दोन्ही प्रकारच्या पट्ट्या जवळपास सारख्या दिसतात आणि काही खाचा त्यांपैकी एकच प्रकार ओळखतात.

लॅपटॉपच्या डीडीआर३ रॅमला २०४, तर डीडीआर४ ला २६० पिना असतात. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. डीडीआर३ व डीडीआर३एल मात्र सारख्याच दिसतात. पहिलीला १.५ व्होल्ट लागतात, दुसरी १.३५ व्होल्टवर चालते आणि इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या लॅपटॉपांना दुसरीच लागते. उत्पादकाने सांगितलेली कमाल मर्यादा नेहमी अंतिम नसते. एक्स२२० आणि २०१२ च्या मध्यास आलेला १३ इंची मॅकबुक प्रो या दोहोंची अधिकृत मर्यादा ८ जीबी असली, तरी दोन्ही १६ जीबीवर व्यवस्थित चालतात. याउलट त्याच वर्षीच्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये रॅम डाख दिलेली असल्याने ती वाढवताच येत नाही.

झाकण उघडल्यावर बॅटरीची जोडणी प्रथम सोडवतात. बॅटरी फुगलेली आढळल्यास ती न दाबता, न टोचता काढून ई-कचरा संकलनाकडे देणे आवश्यक असते; अशा बॅटरीसह लॅपटॉप वापरणे आगीला निमंत्रण ठरू शकते.

प्रणालीचे प्रतिष्ठापन

प्रतिष्ठापनासाठी ८ जीबीचा पेन ड्राइव्ह सहसा पुरतो. विंडोज ८ पासून लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजची परवाना-कळ बहुधा मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्येच असते. त्यामुळे डिस्क किंवा रॅम बदलल्याने परवाना जात नाही. मदरबोर्ड बदलल्यास जाऊ शकतो. वाय-फायचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवलेला बरा, कारण तो नसल्यास बाकीचे ड्रायव्हर मिळवण्यासाठी लागणारे इंटरनेटच उपलब्ध होत नाही.

विंडोज ११ च्या अटी न पुरवणाऱ्या यंत्रांसाठी लिनक्स हा व्यवहार्य पर्याय आहे. एक्सएफसीई डेस्कटॉप असलेले लिनक्स मिंट ४ जीबी रॅमवरही नित्याची कामे करते आणि त्यात इनस्क्रिप्ट कळफलक निवडता येतो. मात्र श्रीलिपीसारखी विंडोजसाठी लिहिलेली मराठी सॉफ्टवेअरे त्यावर थेट चालत नाहीत. ज्या मुद्रणालयाचे किंवा कार्यालयाचे काम त्यांवर अवलंबून आहे, त्यांच्यासाठी हा पर्याय अपुरा ठरतो. ३२ बिट प्रोसेसर असलेल्या यंत्रांना तर लिनक्सचे दारही बंद होत चालले आहे. उबुंटूने ३२ बिट आवृत्ती पूर्वीच थांबवली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये त्या प्रोसेसरांसाठी प्रतिष्ठापकच दिलेला नाही.