उन्हातले पाच किलोमीटर

अमेरिकेत हायस्कूलच्या मुलींचा क्रॉस कंट्रीचा मोसम ऑगस्टअखेरीस सुरू होतो, म्हणजे अनेक राज्यांत ऐन उकाड्यात. शर्यत बहुतेक ठिकाणी ५ किलोमीटरची. गवत, माती, चढउतार. संघातल्या साधारण सात जणी धावतात. पहिल्या पाच जणींच्या क्रमांकांची बेरीज करतात आणि ती ज्या संघाची सर्वांत कमी, तो जिंकतो. म्हणूनच डोळ्यांपुढे अंधारी आली तरी पाचवी मुलगी सहसा थांबत नाही. मला खरी काळजी वाटते ती तिची.

धावताना स्नायूंतली बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. घाम वाळला तरच अंग निवतं. हवा दमट असली की तो नुसता ओघळत राहतो. त्यामुळे एकट्या तापमानावर विसंबून चालत नाही, दमटपणा, ऊन आणि वारा हेही मोजावे लागतात. उन्हाची सवय व्हायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात.

अंतिम रेषेपाशी बर्फाच्या पाण्याचा टब भरलेला हवाच. मुलगी असंबद्ध बोलू लागली, पाय लटपटले, शरीराचं आतलं तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर गेलं, तर रुग्णवाहिका बोलवायची आणि ती येईपर्यंत थांबून न राहता तिला लगेच मानेपर्यंत त्या पाण्यात बसवायचं. डोक्यावर बाटलीभर पाणी ओतून भागत नाही.