फितींमागची माणसं – ५ : बाबा मेहर सिंग

मागच्या लेखात करुण कृष्ण मजुमदारांची ओळख झाली. त्यांना ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’, म्हणजे डीएफसी, दोनदा मिळाला, म्हणून त्यांच्या फितीवर एक आडवी पट्टी चढली. आजचे वैमानिक एअर कमोडोर मेहर सिंग यांची दोन पदकं दोन राजवटींची आहेत. १९४४ साली ब्रिटिशांनी त्यांना ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’, म्हणजे डीएसओ, दिला. स्वतंत्र भारतानं महावीर चक्र दिलं. लढाऊ वैमानिक म्हटलं की पाडलेली विमानं मोजायची आपल्याला सवय असते. यातलं एकही पदक विमान पाडल्याबद्दल नव्हतं.

मेहर सिंग यांचा जन्म १९१५ सालचा, पंजाबातल्या लायलपूरचा. १९३४ मध्ये ते इंग्लंडला क्रॅनवेलच्या हवाई दल महाविद्यालयात गेले आणि १९३६ मध्ये अधिकारी झाले. भारतीय हवाई दलाकडे तेव्हा एकच स्क्वाड्रन होती. तिची वापिती विमानं दुपंखी, उघड्या कॉकपिटची, आणि काम वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या मुलखात. एकदा खालून आलेल्या गोळ्यांनी विमान निकामी झालं. ते डोंगराळ भागात कसंबसं उतरवून मेहर सिंग आणि त्यांचा गनर अंधाराच्या आडोशानं लष्कराच्या ठाण्यापर्यंत पोहोचले. सहकाऱ्यांत ते ‘बाबा’ म्हणून ओळखले जात.

डिसेंबर १९४२ मध्ये त्रिचनापल्लीला सहा नंबरची स्क्वाड्रन उभी राहिली आणि तिची धुरा त्यांच्याकडे आली. वर्षभरानं ती हरिकेन विमानं घेऊन बर्मातल्या अराकानच्या आघाडीवर होती. काम टेहळणीचं. या टेहळणीची रीत समजून घ्यायला हवी. विमानं जोडीनं निघतात. पुढचा वैमानिक झाडांच्या शेंड्यांलगत उडत खाली पाहतो : कुठे नवी पायवाट पडली आहे, कुठे नदीकाठी होड्या झाकून ठेवल्या आहेत. मागच्याला म्हणायचं ‘वीव्हर’. तो डावी-उजवीकडे वळणं घेत फक्त आकाश पाहतो, कारण पुढच्याला मान वर करायला सवड नसते. परतल्यावर विमानातल्या कॅमेऱ्याची फिल्म धुवायला जाते आणि डोळ्यांनी टिपलेलं सगळं लष्कराच्या अधिकाऱ्याला तोंडी सांगायचं. जनरल स्लिम यांच्या चौदाव्या सेनेला जंगलापलीकडे काय चाललंय ते असं कळे. सहा नंबरच्या स्क्वाड्रनला त्या सेनेचे डोळे म्हणत.

डीएफसी हा मुख्यतः वैमानिकाच्या स्वतःच्या उड्डाणातल्या शौर्याचा सन्मान. डीएसओ साधारणपणे त्याच्या पुढचं पाहतो : युद्धात या अधिकाऱ्यानं आपल्या हाताखालच्या माणसांकडून काय करून घेतलं? नवख्या स्क्वाड्रनची वर्षभरात भरवशाची तुकडी केली, हे मेहर सिंग यांच्या पदकाचं मर्म. दुसऱ्या महायुद्धात डीएसओ मिळालेले भारतीय हवाई दलाचे ते एकमेव अधिकारी.

दुसऱ्या पदकाची गोष्ट पूंछमध्ये सुरू होते. १९४७ च्या अखेरीस, काश्मीरच्या पहिल्या युद्धात, हे गाव वेढलं गेलं होतं. आत ब्रिगेडियर प्रीतम सिंग यांची तुकडी आणि हजारो निर्वासित. रस्ता तुटलेला. निर्वासितांच्या श्रमदानातून जेमतेम सहाशे यार्डांची धावपट्टी तयार झाली; बाजूंना नाले, भोवती डोंगर. भरलेल्या डाकोटा या वाहतुकीच्या विमानाला एरवी याहून बरीच लांब पट्टी लागते. डिसेंबरात तिथे पहिला डाकोटा उतरवला तो खुद्द मेहर सिंग यांनी. ते तेव्हा जम्मू-काश्मीरच्या हवाई मोहिमेचे प्रमुख होते, म्हणजे हे उड्डाण करण्याचं त्यांच्यावर बंधन नव्हतं. त्यानंतर जाताना धान्य आणि दारूगोळा, येताना जखमी आणि निर्वासित, अशा खेपा सुरू झाल्या. पट्टी शत्रूच्या तोफांच्या माऱ्यात आली, तेव्हा कंदिलांच्या उजेडात रात्री विमानं उतरवून २५ पौंडी तोफा आत नेण्यात आल्या.

पुढे लेह. तिथली धावपट्टी अभियंते सोनम नोर्बू यांनी स्थानिकांना हाताशी धरून घडवली होती. २४ मे १९४८ रोजी मेहर सिंग डाकोटा घेऊन निघाले. सोबत मेजर जनरल थिमय्या होते. वाटेत झोजिला, फोटुला आणि विमानाच्या ताकदीची परीक्षा पाहणारी शिखरं. कॅबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नव्हती, पंखांवर जमणारा बर्फ काढायचं यंत्र नव्हतं. लेह सुमारे अकरा हजार फुटांवर. तिथल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे वेगाचा काटा नेहमीचाच आकडा दाखवतो, पण जमिनीच्या हिशेबानं विमान सुमारे अठरा टक्के जास्त वेगानं धावत असतं आणि थांबायला जास्त जागा मागतं. उडतानाही तेच. ती अडचण ओलांडून डाकोटा उतरला, परतला, आणि थोड्याच दिवसांत त्याच मार्गानं गुरखा जवान लेहला पोहोचले.

१९४८ मध्येच मेहर सिंग यांनी हवाई दल सोडलं. महावीर चक्र २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झालं आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या कामगिरीला लागू झालं. ते जाहीर झालं तेव्हा त्यांच्या अंगावर गणवेश नव्हता. मार्च १९५२ मध्ये जम्मूहून दिल्लीला येताना वादळात त्यांचं विमान कोसळलं. आता २०१८ पासून हवाई दलाची झुंडीनं उडणाऱ्या ड्रोनची स्पर्धा ‘मेहर बाबा’ या नावानं होते.

महावीर चक्राचा नियम शत्रूसमोरच्या शौर्याची अट घालतो. पूंछला ती सरळ लागू होते. लेहच्या पट्टीवर त्या दिवशी कोणी गोळी झाडली नाही. तरी दोन्ही ठिकाणी पहिलं विमान त्यांनीच उतरवलं, कारण हाताखालच्या तरुण वैमानिकांना विश्वास वाटायला हवा होता. प्रशस्तिपत्राचा रोख तिकडेच आहे. बर्मात त्यांनी माणसं घडवली म्हणून पहिलं पदक मिळालं. काश्मिरात त्याच स्वभावानं त्यांना दुसऱ्या कुणाऐवजी स्वतःला कॉकपिटमध्ये बसवलं. दोन राजवटी, दोन नियमावल्या. गौरव एकाच गुणाचा.

(पुढच्या आठवड्यात : महावीर चक्र दोनदा मिळवणारे कॅनबेरा वैमानिक पद्मनाभ गौतम आणि १९७२ चा पुण्यातला त्यांचा अपघात.)