मोजक्या रजेचे पथ्यपाणी

गेल्या महिन्यातील गोष्ट. रात्री साडेनऊला दवाखाना बंद करण्याच्या बेतात होतो, एवढ्यात आमच्या सोसायटीतील एक निवृत्त गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले. मुलगा अडतीस-चाळीसचा, अमेरिकेत टेक्सास राज्यात नोकरीला. अंगात ताप, घसा बसलेला, डोके ठणकत होते. रक्तदाब पाहिला तर १५८/९६. रक्तदाबाची गोळी प्रवासाच्या गडबडीत चार दिवस घेतलीच नव्हती.

"डॉक्टरकाका, काहीही करा, पण परवापर्यंत उभा करा," तो म्हणाला. "परवा नाशिकला सासुरवाडी, तिथून साताऱ्याला मावशी आणि शनिवारी रात्री विमान."

"रजा किती दिवसांची?"

"दहा दिवसांची. तीही वर्षभर साठवून."

आल्यापासून काय काय केले ते मी विचारले. पहिल्याच दिवशी डोंबिवलीला आत्याकडे जेवण, दुसऱ्या दिवशी कल्याणला काका. मग रात्रीच्या गाडीने कोल्हापूरला अंबाबाईचे दर्शन आणि तसेच परत. एक दिवस बँकेत, एक दिवस वांद्रे-कुर्ला संकुलात व्हिसाच्या कामासाठी, आणि मधल्या वेळात एका दाताचे रूट कॅनाल! झोप रोज तीन-चार तास. वाचकहो, हा मनुष्य सुट्टीवर आलेला नव्हता, ड्यूटीवर आलेला होता.

घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना ही कहाणी नवी नाही. मी १९९६ साली मानपाड्याजवळ दवाखाना थाटला तेव्हा दारातून येऊरचा डोंगर दिसत असे. आता पाटलीपाड्यापासून ओवळ्यापर्यंत इमारतींची रांग लागली आहे, आणि त्यांतल्या कितीतरी घरांत तीन खोल्या आणि दोन म्हातारी माणसे असा हिशेब आहे. मुले अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, दुबईत. विमान निम्मी पृथ्वी ओलांडून वेळेवर उतरते आणि कापूरबावडीच्या पुढे गाडी अडकते, असा विनोद आम्ही करतो. पण या मुलांची खरी कोंडी होते ती रजेच्या दिवसांत, आणि तिचे परिणाम मी तपासणीच्या टेबलावर पाहतो. म्हणून आज हा विषय.

रजा देशोदेशीची

खासगी नोकरीत पगारी रजा दिलीच पाहिजे, असा केंद्रीय कायदा अमेरिकेत नाही. मालक देईल तेवढी घ्यायची. तेथे नोकरीला वर्ष झाल्यावर दहा-अकरा दिवसांची रजा ही सर्वसाधारण गोष्ट आहे. कित्येक कंपन्यांत आजारपणाची आणि सुट्टीची रजा एकाच गाठोड्यात असते. जुलैत चार दिवस ताप आला की डिसेंबरचे चार दिवस गेले!

जर्मनीत पाच दिवसांचा आठवडा असलेल्या नोकरीत वर्षाला किमान २० दिवस पगारी रजा कायद्याने मिळते. तेथे रजेवर असताना आजारी पडलात आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र दाखवले, तर ते दिवस परत जमा होतात. संयुक्त अरब अमिरातीत वर्ष पूर्ण झाल्यावर ३० दिवसांची रजा असते. जपानमध्ये सहा महिन्यांनंतर १० दिवस मिळतात. पण लोक रजा घेतच नाहीत असे दिसल्यामुळे २०१९ पासून निदान ५ दिवसांची रजा कर्मचाऱ्याला घ्यायला लावणे हे तेथील मालकावर बंधनकारक झाले.

कल्याणमध्ये जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली बोटीने अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या. मधल्या काळात घरी फेरी मारण्याची कल्पनाही कोणी केली नसती. आज तेच अंतर एका दिवसात कापता येते. रजा मात्र त्या मानाने वाढलेली नाही, आणि येता येते म्हणून आलेच पाहिजे, सगळ्यांना भेटलेच पाहिजे, हे ओझे वाढले.

शरीराचे गणित

अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आपण यांत साडेनऊ ते साडेदहा तासांचे अंतर आहे. शरीराच्या आतले घड्याळ नव्या वेळेकडे दिवसाला साधारण तासभरच सरकते. म्हणजे दहा दिवसांची रजा, मागेपुढे शनिवार-रविवार धरून घरी चौदा दिवस. त्यातला पहिला आठवडा शरीर अर्धे तिकडेच असते, आणि जरा जम बसतो तोच परतीचे विमान. तिकडे पोचल्यावर हाच खेळ उलट्या दिशेने. अशा वेळी जागरणे, प्रवास, जड जेवणे यांची भर घातली, तर दुखणे आलेच म्हणून समजा. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसा हा दोन देशांचा पाहुणा अर्धपोटी आणि अर्धझोपेत.

'एवढे हाल होतात तर रजाच नको,' असेही कोणी म्हणू नये. अमेरिकेत हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे १२ हजार पुरुषांची नऊ वर्षे पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. दरवर्षी सुट्टी घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. हा नुसता सुट्टीचाच गुण असे म्हणता येत नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगी गोष्टही नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये सांगितले की, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. विश्रांती हे औषध आहे. मात्रा कमी असली तर ती सांभाळून वापरायची, एवढेच.

आमच्या घरची गोष्ट

लोकांना शहाणपण सांगणारा मी, मलाही हे अनुभवानेच कळले. माझा मुलगा २००९ पासून न्यू जर्सीत आहे. वर्षाला सगळी मिळून पंधरा दिवसांची रजा. २०१६ च्या मे महिन्यात पुतण्याचे लग्न आणि भाच्याची मुंज यांसाठी आम्हीच आग्रह करकरून त्याला बोलावले. बारा दिवस त्यात गेले. पुढे एक दिवस त्याच्या तापात गेला. सप्टेंबरात मला छातीत दुखू लागले आणि अँजिओप्लास्टी करावी लागली. तेव्हा त्याच्याकडे उरले होते दोन दिवस.

'येऊ नकोस' असे मी सांगितले, तरी तो आला. बुधवारी रात्री निघाला, गुरुवारी रात्री पोचला आणि शनिवारी रात्री परत गेला. दुपारी हॉस्पिटलच्या खुर्चीत बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला, तेव्हा नर्सला सांगून मीच त्याच्या अंगावर चादर घालायला लावली. पहाटे तीनला तो टक्क जागा. रुग्ण कोण आणि शुश्रूषा करणारा कोण, हेच कळेना. आईशी धड चार शब्द बोलणेही झाले नाही. तो गेल्यावर ही म्हणाली, "मुंजीला नसता आला तर काय बिघडलं असतं हो?" मला उत्तर देता आले नाही.

पुढच्या जानेवारीत आम्ही तिघांनी फोनवर बसून वर्षाच्या रजेची आखणी केली. तेव्हापासून दरवर्षी करतो. त्यातून सुचलेले आणि दवाखान्यातील अनुभवावरून पडताळलेले काही नियम देतो.

परदेशातून येणाऱ्यांसाठी

१. अंथरूण पाहून पाय पसरावेत. वर्षाच्या रजेतील पाच दिवस संकटासाठी बाजूला ठेवा आणि नोव्हेंबरपर्यंत त्यांना हात लावू नका. न वापरलेली रजा पुढच्या वर्षी चालते की बुडते, हे कंपनीत आधीच विचारून ठेवा.

२. पोचल्यानंतरचे दोन दिवस कोठेही जाऊ नका. दिवसा उजेडात फिरा, जेवण इथल्या वेळेला घ्या, दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपू नका. पहिले काही दिवस स्वतः गाडी चालवू नका.

३. घरोघर फिरण्यापेक्षा सगळ्या नातेवाइकांना एका रविवारी आपल्याकडे बोलवा. फार म्हातारी किंवा अंथरुणाला खिळलेली माणसे असतील, त्यांच्याकडे मात्र जरूर जा.

४. निदान तीन दिवस काहीही न ठरवता घरी राहा. आई-वडिलांना तुमच्याकडून सहसा एवढेच हवे असते.

५. रोजची औषधे सामानात न टाकता हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा. विमानात दर दीड-दोन तासांनी उठून चाला, पोटऱ्यांची हालचाल करा, पाणी प्या. चार तासांहून लांबच्या प्रवासाने शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. तो मुळात फार लहान आहे, पण गरोदर स्त्रिया, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले आणि पूर्वी गुठळी झालेले यांनी डॉक्टरांना विचारूनच निघावे.

६. दाताची कामे आल्या आल्या उरका, शेवटच्या दोन दिवसांवर ठेवू नका. विमानात दाढ ठणकू लागली तर वाली कोणी नसतो.

७. मुलांच्या शाळेच्या सुट्टीमुळे पुष्कळ जण ऐन पावसाळ्यात येतात. 'आम्ही इथलेच, आम्हाला काय होतंय' हा समज सोडा. विषमज्वर आणि कावीळ यांच्या लशींबद्दल तिकडच्या डॉक्टरांना महिनाभर आधी विचारा. उकळलेले पाणी प्या, रस्त्यावरची पाणीपुरी टाळा, डासांपासून सांभाळा. परतल्यावर ताप आला तर 'भारतात जाऊन आलो' हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

८. कामावर रुजू होण्याआधी एक दिवस तरी तिकडे पोचा. आणि सगळी रजा या एकाच फेरीवर उधळू नका. नेदरलँड्समधील संशोधकांना २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले की, लांब सुट्टीने आलेला ताजेपणा कामावर परतल्यावर पहिल्या आठवड्यातच ओसरतो. म्हणून वर्षात मधूनमधून एखादा दिवस स्वतःसाठीही घ्या. दरवर्षी भारतात येणे जमत नसेल तर एकाआड एक वर्ष या, त्यात कमीपणा नाही.

इथल्या आई-वडिलांसाठी

पहिली गोष्ट, 'मुलगा आला की करू' म्हणून ऑपरेशने लांबवू नका. हर्निया, मोतीबिंदू, प्रोस्टेट ही दुखणी मुलाच्या रजेचे वेळापत्रक पाहून थांबत नाहीत. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी शेजारचा मुलगा गाडी घेऊन आला होता, आणि सारे व्यवस्थित पार पडले.

दुसरी, आजार लपवू नका आणि वाढवूनही सांगू नका. 'त्याला कशाला काळजी' म्हणून छातीतले दुखणे दडवणारे रुग्ण मी पाहिले आहेत. डॉक्टरांचे म्हणणे जसेच्या तसे कळवा, म्हणजे रजा आज वापरायची की राखून ठेवायची हे त्याला ठरवता येईल.

तिसरी, फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवा. त्यावर चालू औषधे, रक्तगट, विम्याचा क्रमांक, फॅमिली डॉक्टर, रात्री धावून येणारे दोन शेजारी आणि रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक लिहा. पहिले चार तास कामाला येतो तो शेजारी, मुलगा चोवीस तासांनी पोचणार.

चौथी गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने गंभीर आजारी आई-वडिलांच्या शुश्रूषेसाठी वर्षात १२ आठवड्यांपर्यंत रजा मिळू शकते. ती बिनपगारी असते. कंपनीत किमान ५० माणसे आणि नोकरीला एक वर्ष, अशा मुख्य अटी आहेत. सासू-सासरे त्यात धरलेले नाहीत. माझ्या मुलाची कंपनी लहान असल्यामुळे त्याला ती मिळाली नाही, पण अनेकांना मिळेल. त्यासाठी इथल्या डॉक्टरांचे प्रमाणपत्रही चालते, ते इंग्रजीत मागून घ्यावे.

आता सुरुवातीच्या रुग्णाकडे वळू. मी त्याला औषधे दिली, रक्तदाबाची गोळी पुन्हा सुरू केली आणि नाशिक-सातारा रद्द करायला सांगितले. त्याचे वडील जरा घुटमळले, "मावशीला वाईट वाटेल." मी म्हटले, "माझ्याकडे फोन द्या, मी सांगतो." मावशी समजूतदार निघाल्या. दुसऱ्याच दिवशी एसटीने त्याच ठाण्याला आल्या. सासू-सासरेही नाशिकहून येऊन गेले.

शनिवारी दुपारी तो रक्तदाब दाखवायला आला. १३४/८६ होता. ताप उतरला होता. "तीन दिवस नुसता घरी होतो, काका," तो म्हणाला, "बाबांना जिना चढताना धाप लागते, हे मला या तीन दिवसांत कळलं." सोमवारी त्या गृहस्थांचा कार्डिओग्राम आणि रक्ततपासणी करायची ठरली. मुलगा तेव्हा तिकडे कामावर असेल. बरोबर मी जाणार आहे.