पाटकऱ्याची खुर्ची

पूर्णा नदीवर येलदरी धरणाच्या खालच्या अंगाला हिंगोली जिल्ह्यातलं सिद्धेश्वर धरण आहे. येलदरीच्या २२.५ मेगावॉटच्या वीजघरातून सुटलेलं पाणी इथं अडतं आणि कालव्यानं वसमतकडे, पुढे परभणी-नांदेडच्या शिवारांत जातं. रब्बीची पाळी सुटली की ती शेवटच्या चारीपर्यंत पोचवायची ती कालवा निरीक्षक, मोजणीदार आणि पाटकऱ्यांनी. अशा कामगारांच्या सामूहिक आवाजाला राज्यात एकदा मोठं यश आलं होतं. १९६७ च्या कालेलकर निवाड्यामुळे सलग पाच वर्षं राबलेल्या रोजंदारीवाल्याला रूपांतरित अस्थायी आस्थापनेवर येण्याची वाट मिळाली. नोकरी सुरक्षित झाली. पण काम बदलत गेलं तर ते शिकवायचं कुणी आणि काय शिकवायचं हे ठरवायचं कुणी, हा प्रश्न त्या निवाड्याच्या कक्षेतला नव्हता.

आणि काम खरोखर बदललं. पूर्वी पाणीपट्टी पीक आणि क्षेत्र पाहून बसायची. राज्याच्या २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यानं पाणी वापर संस्थांना पाणी घनमापनानं मोजून द्यायचं ठरवलं. म्हणजे कालव्याचं दार उघडणाऱ्या पाटकऱ्याला आता पट्टीवरची पातळी वाचून प्रवाह काढता यायला हवा. छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीचं औरंगाबाद) १९८० पासून ‘वाल्मी’ ही जल व भूमी व्यवस्थापन संस्था आहे, प्रशिक्षणं होतात. पण कोणतं दार कुठं अडतं, कोणत्या चारीत गाळ साचल्यानं मोजमाप खोटं पडतं, हे ज्याला ठाऊक त्याला विचारून अभ्यासक्रम बनला तरच तो शिवारात टिकेल. असं विचारणं कायद्यानं बांधूनही देता येतं: जर्मनीत १९७२ च्या कायद्यानं कामगार परिषदेला प्रशिक्षणाच्या बाबतीत बोलण्याचा, काही ठिकाणी तर अडवण्याचाही हक्क दिला आहे. आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर आणि त्याहून अधिक कामगारांच्या आस्थापनेसाठी मालक आणि कामगार अशा दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींच्या कार्यसमितीची तरतूद झाली, पण तिचा भर सलोख्यावर राहिला.

यावर म्हणतील, संघटनांना पगार-भत्त्यापलीकडे रस नसतो. खरं असेल, पण ज्याला दुसरं काही विचारलंच जात नाही, तो दुसरं काय बोलणार? दुसरा आक्षेप वजनदार आहे: पाटकरी अनुभवातूनच शिकतो. शिकतोच; मात्र तो निवृत्त झाला की ती शिदोरी त्याच्याबरोबर घरी जाते. (कार्यालयातल्या कपाटात ती सापडत नाही.) कालवा सल्लागार समितीत पालकमंत्री, आमदार, अधिकारी, शेतकरी बसतात, त्याच टेबलाशी दार फिरवणाऱ्यासाठी एक खुर्ची टाकायला फारसा खर्च नाही. पाळी ठरवताना ‘शेवटच्या चारीला किती दिवस लागतील’ याचं उत्तर तरी बसल्या जागी मिळेल.