अमेरिकन आर्ट असोसिएशन

न्यूयॉर्क शहरातील एक आद्य कलावीथी व लिलावसंस्था. जेम्स एफ. सटन, आर. ऑस्टिन रॉबर्टसन व टॉमस ई. कर्बी यांनी ती १८८३ मध्ये स्थापन केली. लंडनमध्ये क्रिस्टीज, सदबीज यांसारखी लिलावगृहे अठराव्या शतकापासूनच चालू होती. अमेरिकेत त्यांच्या तोडीची संस्था नव्हती. ही उणीव या संस्थेने भरून काढली. कलाकृती प्रथम कलावीथीत मांडणे, त्यांची सविस्तर सूची छापणे आणि नंतर जाहीर बोलीने त्या विकणे, अशी तिची कार्यपद्धती होती. त्यामुळे विक्रेता व ग्राहक यांच्यात खाजगी रीत्या ठरणारी किंमत सर्वांसमक्ष ठरू लागली.

१८८५ मध्ये जॉर्ज सेनी या बँकव्यावसायिकाच्या व १८८६ मध्ये मेरी जेन मॉर्गन यांच्या संग्रहांचे लिलाव बरेच गाजले. मॉर्गन-संग्रहातील एक लहानशी चिनी फुलदाणी १८,००० डॉलरना विकली गेल्याने वृत्तपत्रांत खळबळ उडाली.

तथापि संस्थेची खरी कामगिरी प्रदर्शनांच्या क्षेत्रातील होय. १८८३ च्या कायद्यान्वये परदेशी चित्रांवर ३० टक्के आयातशुल्क बसविण्यात आले होते. केवळ प्रदर्शनार्थ आणलेल्या कलाकृतींना मिळणाऱ्या सवलतीचा लाभ घेऊन संस्थेने पॅरिसचे चित्रविक्रेते पॉल द्यूराँ-र्‍यूएल यांना निमंत्रण दिले. एप्रिल १८८६ मध्ये माने, मॉने, दगा, रन्वार, पीसारो इत्यादींच्या सु. ३०० कलाकृती तेथे मांडण्यात आल्या. मायदेशी उपेक्षिलेल्या दृक्‌प्रत्ययवादी चित्रकारांना त्यामुळे नवा ग्राहकवर्ग लाभला आणि कर्जबाजारी झालेले द्यूराँ-र्‍यूएल सावरले.

१८८९ मध्ये पॅरिस येथील लिलावात मीये याचे द अँजेलस हे चित्र फ्रेंच शासनासाठी ५,५३,००० फ्रँकना घेतले गेले. परंतु संसदेने रक्कम मंजूर न केल्याने ते या संस्थेकडे आले. अमेरिकेत त्याची प्रदर्शने झाल्यावर १८९० मध्ये आल्फ्रेद शोशार यांनी ते विकत घेऊन फ्रान्सला परत नेले.

१९२३ मध्ये संस्था कोर्टलंट एफ. बिशप यांच्याकडे गेली व १९२९ मध्ये अँडरसन गॅलरीज तीत विलीन झाली. बिशप यांच्या निधनानंतर हायरम पार्क व ऑटो बर्नेट यांनी बाहेर पडून १९३७ मध्ये पार्क-बर्नेट गॅलरीज ही संस्था काढली. जुन्या संस्थेचा कारभार लवकरच संपुष्टात आला. पुढे १९६४ मध्ये पार्क-बर्नेट ही सदबीजने ताब्यात घेतली.